खालच्या थरातला पत्ता

रुग्णालयाच्या संगणक-खोलीत बावीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे चावीबाई म्हणत. कोणती फाईल कोणाला उघडता यावी, हे त्या ठरवत.

सोमवारी भांडारपालाची बायको जबडा मोडून दाखल झाली. मोडणारा तो स्वतःच. बुधवारी ती थोरल्या बहिणीकडे गेली आणि तो पत्ता फाईलमध्ये नोंदला गेला. वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. भांडारातही आपलंच नेटवर्क आहे, त्याच्या नजरेस हे पडता कामा नये, म्हणाल्या. चावीबाईंनी भांडाराची ती फाईल उघडायची परवानगी काढून घेतली, आपल्याच संगणकावर भांडाराच्या नावाने उघडून पाहिली. उघडेना. त्या निर्धास्त झाल्या.

पण फाइली दोन थरांत होत्या. मूळ फाईल खाली, सर्व्हरवर. वॉर्डातल्या नोंदी थेट तिच्यातच होत. संगणक-खोलीतून काहीही बदललं की मात्र तिची प्रत वरच्या थरात येई आणि बदल त्या प्रतीवर होई. खालची होती तशीच राही. कुलूप लागलं ते वरच्या प्रतीला. भांडारातला जुनाट संगणक मात्र थेट खालच्या थराला जोडलेला होता. नऊ वर्षांपूर्वी ती जोडणी चावीबाईंनीच दिली होती, चार दिवसांपुरती म्हणून.

गुरुवारी सव्वाअकराला सर्व्हरच्या नोंदीत त्यांना दिसलं, की दहा मिनिटांपूर्वी भांडारातून ती फाईल उघडली गेली.  त्यांनी लगेच त्या थोरल्या बहिणीला फोन लावला. "मागच्या दाराने निघा. चपला शोधत बसू नका." कुठे जाणार, तेही विचारून घेतलं.

भांडारपालाने बहिणीचं दार फोडलं. रिकाम्या घरात आरसा, कपाट, पाळणा, जे दिसेल ते फोडलं. शेजारीण भाबडेपणाने बोलून गेली, रुग्णालयातून फोन आला होता म्हणून. तासाभरात तो खोकी उघडायची पहार घेऊन संगणक-खोलीत आला. पहिला घाव स्क्रीनवर पडला.

"कुठे गेली ती? काढ पत्ता."

"फाईलमध्ये नाही."

"मग तुझ्या डोक्यात असेल."

त्याने त्यांचा उजवा हात टेबलावर दाबला आणि पहार हाणली. दोन बोटं चेचली. दुसरा घाव मनगटावर. चावीबाई गुरासारख्या ओरडल्या, पण पत्ता काही बाहेर पडला नाही. तिसऱ्यांदा पहार उगारली, तोवर ओरडणं ऐकून आलेल्या सिस्टरनी आग विझवायचा सिलिंडर त्याच्या कानशिलावर घातला. तो कोसळला. वॉचमनने त्याला वायरींनीच बांधला.

सिस्टर त्यांना एक्स-रेला न्यायला लागल्या.

"आधी बसा तिकडे," चावीबाई शेजारच्या संगणकाकडे मान करून म्हणाल्या. "मी सांगते ते टाइप करा."

"अहो, बोटं लोंबतायत तुमची."

"खाली अजून चारशे बायकांचे पत्ते आहेत."

सिस्टरनी रक्ताळलेल्या हातांनी टाइप केलं. खालच्या थराची परवानगी बंद झाली. मग चावीबाई मोडका हात छातीशी धरून जिना उतरल्या, भांडारातल्या त्या जुनाट संगणकासमोर बसल्या आणि डाव्या हाताने एकेक फाईल उघडते का ते पाहू लागल्या.