कडता वजा जाता

उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी माझी अक्का जन्मली. मी शिकावं म्हणून तिने सातवीतच शाळा सोडली आणि शिवणयंत्रावर बसली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, नांदेडला नोकरीला लागलो, ते तिने शिवलेल्या ब्लाउजांवर. बसून बसून तिचं शरीर वाढत गेलं. पुढे झोपेत श्वास अडकू लागला. आई उशाशी बसायची आणि श्वास थांबला की तिला हलवायची.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या दुष्काळात मी तिला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचं वजन केलं, तपासण्या केल्या. पोट लहान करण्याचं ऑपरेशन होईल, पण आधी दहा किलो उतरवा, म्हणाले. यकृतावरची चरबी कमी झाल्याशिवाय भूल देणं आणि आत काम करणं धोक्याचं होतं. दोन महिन्यांनी या, तेव्हा तारीख देऊ.

अक्काने भाकरी सोडली. मुगाचं वरण, ताक, मिळाली तर काकडी. टँकरपाशी एक शेजारीण म्हणाली, "दुष्काळ हिच्या घरची वाट चुकला वाटतं."

"तुझ्याकडं मुक्कामाला हाय न्हवं, म्हणून आला न्हाई," अक्का म्हणाली.

आमच्या गावात, औशात, तिला पेलेल असा काटा आमच्या ओळखीचा एकच होता, मोंढ्यातल्या अडत्याचा. वडील असल्यापासून आमची तूर त्यांच्याकडेच जायची. अक्का त्यांना अण्णा म्हणायची. दर आठवड्याला ती तिथे जाऊन धान्याच्या काट्यावर उभी राहायची.

"अक्का, पोत्यात घालून तोलू का?" हमाल विचारायचा.

"तोल की. तोंड शिवायला मलाच यावं लागंल."

अण्णा आकडा सांगायचे, ती तो डॉक्टरांनी केलेल्या पहिल्या वजनातून वजा करायची आणि मला नांदेडला फोन करायची. आकडा उतरत होता. एके दिवशी म्हणाली, "दहा झाले रं." दवाखान्यासाठी तिने पुढून बटणं असलेला सुती गाऊन शिवला आणि धुऊन, घडी करून ठेवला.

डॉक्टरांच्या काट्यावर सहाच किलो उतरले होते. त्यांनी दोनदा पाहिलं. "चांगलं चाललंय, पण अजून महिनाभर थांबू," ते म्हणाले.

बाहेर बाकावर अक्का बोटांवर आकडे मोजत बसली. मग एकदम हसली. "अण्णानं कडता धरला रं."

मालात माती असते, ओल असते, म्हणून अडत्या तोललेल्या वजनातून थोडं कापून उरलेलं सांगतो. त्याला कडता म्हणतात. अण्णांनी साडीचा, बांगड्यांचा, चपलांचा आणि बाजाराच्या रिवाजाचा मिळून चार किलो कडता कापला होता. उरतं तेच खरं वजन, असं ते जन्मभर मानत आले होते. आमच्या वडिलांनी याच कडत्यावरून त्यांच्याशी दर सुगीला वाद घातला होता, तरी अक्काच्या बाबतीत ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "त्यांना सांगू नको. जिवाला लावून घेतील."

तिने पुन्हा मूग आणि ताक सुरू केलं. महिना भरायला आठवडा राहिला होता. पहाटे आईचा डोळा लागला, आणि अक्काचा श्वास अडकला तो सुटलाच नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. भिंतीला टेकून बसले. आईने पुढे केलेलं पाणी त्यांनी तसंच हातात धरलं.

"दहा किलो उतरवले होते पोरीनं. मी सोता तोललंय. मग डॉक्टरनं थांबवलं कशापायी?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"तारीख मिळाली न्हाई, अण्णा," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "पाण्यावाचून दवाखान्यातली ऑपरेशनं थांबलीत म्हणत्यात. तसंच झालं असंल."

"हाव," मी म्हणालो.