अकरा कोरडे सामने

शमीरम खोशाबानं फुटबॉलच्या सलग अकरा सामन्यांत एकही गोल केला नाही, तेव्हा अंकावा गावात तिच्याबद्दल बोलणं कुणी सोडलं नाही. आघाडीवर खेळणाऱ्या पोरीचं असंच असतं. बचाव करणारी चुकली तर चार लोकांच्या लक्षात येतं, पण गोल करणारी चुकली की अख्खं गाव हिशेब ठेवतं.

तोमा भटारी सकाळी तंदूरमध्ये हात घालता घालता तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "भाकरी तंदूरच्या भिंतीला एका दमात थापावी लागते. हात जरा अडखळला की गेलीच राखेत. आपल्या शमीरमचं तसं झालंय."

"मामा, दोन समून पाव द्या आणि गप बसा," शमीरम म्हणायची.

"देतो की. पण पोरी, जाळी केवढी मोठी असते. माझ्या दुकानाएवढी. चुकते कशी?"

तिलाही तेच कळत नव्हतं.

दोन मोसम आधी हीच माणसं तिला रस्त्यात थांबवून पेढे मागत होती. निशरा क्लबकडून पहिल्या वर्षी अठरा गोल, दुसऱ्या वर्षी बावीस. तिचा चेंडू कधी हवेत उडायचा नाही. जमिनीला घासत जायचा आणि खांबाच्या आतल्या बाजूनं सरपटत जाळीत शिरायचा. बगदादच्या टीव्हीवरचा माणूस म्हणायचा, ही पोरगी गवत कापत कापत गोल करते.

ते कुठून आलं हे टीव्हीवरच्या माणसाला ठाऊक नव्हतं. शमीरम तेरा वर्षांची असताना निनवेच्या पठारावरचं तिचं गाव एका दुपारी रिकामं झालं. हल्लेखोर जवळ आल्याचं कळताच लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. अंकावात पोचल्यावर तिच्या घरच्यांना एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. मजला होता, छत होतं, भिंती नव्हत्या. चादरी बांधून केलेल्या खोल्यांमधल्या बोळात पोरं चेंडू खेळायची, आणि नियम एकच होता: ज्याच्या पायानं चेंडू खाली पडेल त्यानं तीन जिने उतरून तो आणायचा, आणि खालचे लोक जे काही बोलतील ते ऐकून घ्यायचं. शमीरमला ऐकून घ्यायची सवय नव्हती. म्हणून तिनं चेंडू हवेत उचलणंच सोडलं. दोन वर्षं ती तिथे खेळली, आणि शेवटच्या वर्षात चेंडू तिच्या पायानं एकदाही खाली गेला नाही.

तिचे वडील खोशाबा फरशी बसवायचं काम करत. गुडघ्यांवर बसून बसून गुडघे गेलेले, पण लेकीचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. ते आता काही विचारेनासे झाले होते. आधी ते घरी येताना प्रत्येक गोल पुन्हा सांगायचे, जणू तो मारला तेव्हा ती तिथे नव्हतीच. आता गाडीत ते रेडिओ लावत. फक्त नवव्या कोरड्या सामन्यानंतर ते म्हणाले, "तू विचार करतेस."

"मग काय करू?"

"पूर्वी करत नव्हतीस."

बाराव्या सामन्याच्या आधी रविवारी संघाच्या प्रशिक्षक राबी अश्वाकनी तिला मैदानाच्या कडेला बोलावलं. शिकवणाऱ्याला आमच्या सुरेथ भाषेत राबी म्हणतात. या राबी मात्र आमच्यातल्या नव्हत्या, मोसुलच्या होत्या आणि आवाज न चढवता बोलायच्या, त्यामुळे जास्त भीती वाटायची.

"बुधवारी शेवटचा सामना," राबी म्हणाल्या. "जिंकलो तर वरच्या गटात राहू. बरोबरी झाली तरी खाली जाऊ. आणि खाली गेलो तर क्लब बायकांचा संघ चालवणार नाही, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"साठ मिनिटं तुझी. तोवर काही झालं नाही तर हावीन."

हावीन एकोणीस वर्षांची, डोंगरातल्या कुर्दी गावातून आलेली. वाऱ्यासारखी पळायची. शमीरमला ती 'ताई' म्हणायची, आणि शमीरमला हल्ली तो शब्दसुद्धा टोचायचा. पोरीचा काही दोष नव्हता, पण आपल्या जागेकडे कुणी प्रेमानं बघत असलं तरी ते बघणंच असतं.

तो आठवडा नेमका चर्चमधल्या निनवेकरांच्या उपासाचा होता. सोमवार ते बुधवार, तीन दिवस. शमीरमची आई निमो दरवर्षी तो कडक धरायची, पाणीसुद्धा न घेता. राबींनी खेळाडूंना उपास करायला बंदी घातली होती.

"तू खा," निमो लेकीला म्हणाली आणि तिच्यापुढे भात आणि वाटाण्याची आमटी ठेवली. "तुझ्या वाटचाही मी धरते."

"आई, असं चालतं का?"

"कशा योसेपना विचारलं. ते म्हणाले, देव फार बारकाईनं बघत नाही." कशा म्हणजे त्यांच्या चर्चचे पाद्री. निमो थोडं थांबली. "एक मात्र आहे. मी सामन्याला येणार नाही. मला बघवत नाही आता."

ती तशीही क्वचितच यायची, पण तो 'आता' शमीरमला लागला. तिनं ताट अर्धं टाकलं.

बुधवारी दुपारी मैदानावर ऊन होतं, पण वारा बोचरा. समोर बगदादचा नखला क्लब. त्यांना एका गुणाची गरज होती; बरोबरी झाली तरी यंदाचा चषक त्यांचा. तेव्हा ते अकराच्या अकरा मागे उभे राहणार हे उघड होतं, आणि तसंच झालं. त्यात त्यांची गोलकीपर रुसुल. उंच, काटक, अखंड बडबड करणारी. तिच्यापुढे शमीरमचे याआधी तीन गोल झाले होते, आणि त्यांचा राग तिनं जपून ठेवला होता.

"आलीस का?" रुसुल पहिल्याच कोपऱ्याच्या किकला म्हणाली. "अकरा झाले ना? आज डझन पुरं करू."

अर्धा सामना शून्य-शून्य गेला. शमीरमकडे चेंडू चारदा आला, आणि चारही वेळा तो पायाशी येताच तिच्या डोक्यात कुणीतरी बोलायला लागलं. आता मार. नको, पुढे ने. डावीकडे कोण आहे? तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा.

बावन्नाव्या मिनिटाला नखलाच्या बचाववालीच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी. ती नेहमी शमीरमच घ्यायची. तिनं चेंडू ठेवला, मागे सरली, पळत आली आणि मारला. इतक्या वर्षांत कधी हवेत उचलला नव्हता, तो चेंडू आडव्या खांबावरून मागच्या कुंपणापार गेला.

नखलाच्या बाकावरून टाळ्या आल्या. शमीरमनं मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वडलांकडे बघितलं नाही. तिला खात्री होती की ते तिच्याकडे बघत नसणार.

साठावं मिनिट झालं. एकसष्टावं झालं. हावीन जॅकेट काढून रेषेवर उभी होती. पाटीवर नंबर लागला तेव्हा शमीरम त्या दिशेनं चालायलाही लागली होती. पण नंबर तिचा नव्हता. राबींनी मधली एक खेळाडू बाहेर काढली आणि हावीनला शमीरमच्या शेजारी धाडलं. का, हे शमीरमला तेव्हा कळलं नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी तिनं विचारलं, तेव्हा राबी म्हणाल्या, "तुला त्या पेनल्टीनंतर काढलं असतं तर तू घरी गेली असतीस. आणि परत आली नसतीस."

वेळ सरकत गेला. पंचाहत्तर. ऐंशी. नखलावाल्या चेंडू मिळाला की बाहेर टोलवत, मग सावकाश जाऊन आणत. प्रेक्षकांतून कुणी सुरेथमध्ये, कुणी अरबीत, कुणी कुर्दीत शिव्या देत होतं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला हावीन डावीकडून दोघींच्या मधून घुसली आणि तिसरीनं तिच्या घोट्यावर पाय घातला. रेफरीनं शिट्टी मारून थेट पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट केलं.

"हावीन!" राबी कडेच्या रेषेवरून म्हणाल्या. "तू घे."

हावीन उठली. चेंडू उचलला, ठिपक्यापाशी गेली, आणि तिथून वळून शमीरमकडे आली.

"ताई, हा तुम्ही घ्या."

"राबींनी तुझं नाव घेतलंय."

"घेऊ दे. मला जमायचं नाही. तुम्ही मारा."

"आत्ताच चुकलीये मी. बघितलंस ना?"

"बघितलं," हावीन म्हणाली, "पण तुम्ही मारल्याशिवाय राहिला नाहीत." आणि तिनं चेंडू शमीरमच्या छातीशी धरला.

शमीरमनं राबींकडे बघितलं. राबींनी हात दोन्ही बाजूंना सोडले, होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

रुसुल आता बडबडत नव्हती. ते जास्त वाईट होतं. शमीरम पळत आली आणि खाली डावीकडे मारला, जमिनीला चिकटून. रुसुलनं झेप घेतली. चेंडू खांबाला थडकून परत आला, तो सरळ शमीरमकडे. विचार करायला वेळच नव्हता. तिच्या नडगीला लागून तो वाकडातिकडा उडाला आणि गोलरेषा ओलांडून जाळीत थांबला.

निशराच्या पोरी तिच्या अंगावर पडल्या. पण नखलाची कर्णधार हात वर करून रेफरीकडे धावली होती. "खांबाला लागून आला! मध्ये कुणाचाच हात लागला नाही! एकाच पोरीनं दोनदा मारला!"

नियम तसाच आहे. पेनल्टी नुसती खांबावर आदळून परत आली तर मारणारीला पुन्हा शिवता येत नाही. गोलकीपरचा हात लागला असेल तरच गोल. रेफरी बाई थबकल्या. कडेच्या पंचाकडे गेल्या. तिला दिसलं नव्हतं. मध्ये दोन अंगं आडवी होती. टीव्हीवर बघून सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

रेफरी रुसुलकडे गेल्या. ती गुडघ्यांवर बसली होती, उजवा हात काखेत दाबून.

"तुला लागला का चेंडू?"

"सांग तिला," कर्णधार म्हणाली. "नाही लागला. सांग ना, रुसुल."

चषक तिथे, त्या एका शब्दावर होता. शमीरम दहा पावलांवर उभी होती. मग रुसुलनं हात काखेतून काढला आणि दातांनी हातमोजा ओढला. मधलं बोट बाजूला वळलेलं होतं, निळं पडत चाललेलं.

"खांबानं अडवला म्हणतेस?" ती आपल्या कर्णधाराला म्हणाली. "मी अडवलाय तो. बोटाला लागून मग खांबावर गेला. सबंध मोसमातली माझी चांगली झेप आहे ही. ती खांबाच्या नावावर कोण लावतंय?"

रेफरींनी मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल.

पुढची सात मिनिटं शमीरम आपल्याच गोलसमोर उभी राहून डोक्यानं, खांद्यानं, मिळेल त्यानं चेंडू बाहेर घालवत होती. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती जिथे होती तिथेच खाली बसली. खोशाबा मैदानात आले. वाकता येत नव्हतं म्हणून उभ्या उभ्या त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोन पुढे केला.

"आई आहे."

"काय झालं?" निमोचा आवाज कोरडा, फुटका येत होता.

"जिंकलो आई. एक गोल."

"कुणी केला?"

"मी."

"मग पाणी पिऊ का आता?" निमोनं विचारलं. चर्चमधला उपास दुपारीच सुटला होता. ती एकटी थांबली होती.

त्या गोलामुळे नखलाचा चषक गेला. रुसुलच्या कर्णधारानं तिच्याशी बरेच महिने बोलणं टाकलं. पुढच्या वसंतात देशाच्या संघाचं शिबिर लागलं आणि नशिबानं शमीरम आणि रुसुलला एकाच खोलीत घातलं. पहिला दिवस दोघी नुसत्या एकमेकींच्या पिशव्या ओलांडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी शमीरमनं विचारलंच, "पस्तावा होतो का तुला?"

"चषक गेला त्याचा होतो," रुसुल म्हणाली. "बोटाचाही होतो, थंडीत दुखतं. पण खोटं बोलले असते तर ती झेप कुणाला दाखवणार होते?"

त्या शिबिरात रोज सराव संपल्यावर शमीरम तिला तीस पेनल्ट्या मारायची. रुसुल किती अडवायची ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही. त्या मोसमात शमीरमचे चौदा गोल झाले, आणि नंतर अम्मानच्या क्लबनं तिला नेलं. निशरामध्ये तिची जागा हावीनला मिळाली, शमीरमनं स्वतः राबींना फोन करून सांगितल्यावर. अम्मानला तिचं तिसरं वर्ष चालू आहे. मध्येमध्ये चार-पाच सामने कोरडे जातात, झोप उडते, आणि तेव्हा ती रुसुलला फोन करते. रुसुल धीर देत नाही. ती फक्त विचारते, "मारायचं थांबवलंस का?" आणि शमीरम नाही म्हणाली की फोन ठेवते.