शक्तीच्या गोळ्या नव्हत्या त्या

माझा आजार काय आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. आत माझा नवरा होता. रक्त माझं, दुखणं माझं, आणि निकाल ऐकायला हे! बाहेर आले, घाम पुसला आणि म्हणाले, "अशक्तपणा आहे गो, दुसरं काही नाही. शक्तीच्या गोळ्या दिल्यात."

दीडेक वर्षापूर्वीची, सत्तर सालची ही गोष्ट. आम्ही घाटकोपरला चाळीत राहतो. हे भांडुपच्या कारखान्यात फिटर, मी घरी डबे करते. हॉस्पिटलात जाण्याआधी दोन महिने मला दरदरून घाम फुटायचा, ब्लाउज सैल होत चालले होते आणि डाव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं जड वाटायचं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात बोटाचं रक्त घेतलं, दंडाचं घेतलं, शेवटी छातीच्या हाडात सुई घातली. साध्या अशक्तपणासाठी एवढं कोण करतं? पण मी विचारलं नाही. तेवढी चूक माझी. बाकीच्या मी माझ्या अंगावर घेणार नाही.

गोळ्या बारीक, पांढऱ्या. रोज सकाळी दोन. दर पंधरवड्याला रक्त तपासायचं. दीड महिन्यात पोटातला दगड उतरला, भूक लागायला लागली, बंद केलेले डबे मी परत सुरू केले. झकास वाटत होतं. गुण आला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात माझी लेक सुशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना, आणि तोंड पांढरंफटक. प्रसूतिगृहात म्हणाले, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे. त्या घेतल्या की ती ओकायची. मग मी काय केलं? कुठलीही आई करील तेच. माझ्या बाटलीतली एक गोळी रोज सकाळी दुधाबरोबर तिला दिली. असे नऊ दिवस.

सुशी मॅट्रिक झालेली, तिला इंग्रजी वाचता येतं. तिने बाटली हातात घेऊन फिरवून पाहिलीही होती. पण लेबल जागेवर नव्हतं. ह्यांनी ते ब्लेडने खरवडून काढलं होतं. का, तर सुशीने वाचून मला सांगू नये म्हणून!

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना म्हटलं, "थोड्या जास्त लिहून द्या हो. माझी मुलगी पण घेते, पोटुशी आहे ती."

हे डॉक्टर नवीन होते, तरुण. ते लिहायचे थांबले. "किती घेतल्या? कधीपासून? आज घेतली का?" मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही ह्यांना काहीच सांगितलं नाहीत?"

माझा आजार मला त्या दिवशी कळला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. म्हणजे रक्ताचा कॅन्सर, ज्यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. गोळीचं नाव ब्युसल्फान. ती रक्त वाढवत नाही. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथे ती पेशींची वाढ रोखते. निरोगी माणसाने घेतली तर त्याच्या चांगल्या पेशी कमी होतात, आणि परिणाम कधी कधी काही आठवड्यांनी दिसतो. पोटातल्या बाळाबद्दल डॉक्टर म्हणाले, "आज काही सांगता येणार नाही."

कॅन्सर हा शब्द मी ऐकला, पण डोक्यात शिरलं ते हे दुसरंच. माझ्या हाताने मी माझ्या नातवंडाला काय चारून बसले होते!

बसच्या रांगेत हे हळूच म्हणाले, "सुशीक सांगू नको. हाय खाईल ती."

मी भर रस्त्यात ओरडले. "मला सांगितलं नाहीत म्हणून तर हे झालं! आता तिलाही फसवायचं? आणि उद्या तिला ताप आला तर ती डॉक्टरांना काय सांगणार?" लोक बघत होते. बघू देत. पण खरं सांगते, चाळीचा जिना चढताना मलाही तोच मोह झाला. गप्प बसणं किती सोपं होतं. गोळ्या बंद करायच्या, लोहाच्याच परत सुरू करायच्या, कोणाला कळणार होतं?

मी सांगितलं. सगळं सांगितलं. सुशी पोटावर हात ठेवून बसली. आधी तिने विचारलं, "आई, तुला कॅन्सर आहे?" मग बापाला म्हणाली, "लेबल तुम्ही काढलंत?" त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

मग दर आठवड्याला आम्ही मायलेकी रक्त द्यायला जायचो. माझं आणि तिचं, दोघींचं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पांढऱ्या पेशी खाली आल्या. डॉक्टर म्हणाले, गर्दीत जाऊ नका, ताप आला तर घरी थांबू नका. मी शेजारणींनाही दाराबाहेर ठेवलं. वाट लागली होती माझी. पुढे पेशी हळूहळू सावरल्या. मुलगी झाली, जेमतेम पाच पौंडांची. नर्सने दाखवली तेव्हा मी आधी तिची बोटं मोजली, मग रडले.

तुमच्या घरात असं दुखणं आलं तर गोळीचं नाव विचारा. डॉक्टर तुमच्या नवऱ्याशीच बोलत असले तर मधे बोला, खुर्ची ओढून बसा. आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका, कितीही गुण आलेला असो, आणि बरं वाटतं म्हणून रक्ताची तपासणी चुकवू नका. मी त्या तरुण डॉक्टरांची ऋणी आहे. त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. हा आजार पुरता बरा होत नाही, हेसुद्धा. हाय खाल्ली नाही मी. डबे अजून करते.

परवा नात भिंत धरून चालायला लागली. हे खूश झाले, मला म्हणाले, "आता तरी राग सोड गो. पोर चालायला लागली बघ."

मी म्हटलं, "ती चालली ते आपलं नशीब. तुमचं शहाणपण नव्हे."