काडीनं की तोंडानं

साताऱ्याच्या कोर्टात मी कारकून होतो, तेव्हा तिथे एक दुभाषी होते. बेचाळीस साली पेपरात 'जिल्हा पेटला' असं छापून आलं, की ते खिडकीतून बाहेर बघत आणि म्हणत, "धूर तर दिसत नाही." हसत मात्र नसत. त्यामुळे त्यांच्याशी मी जपूनच बोलत असे.

त्याच साली एका खेड्यातली चावडी जळाली आणि पोलिसांनी तिथल्या मास्तरांना धरलं. साक्षीला गावचा म्हातारा कोतवाल होता. मास्तरांकडे बोट करून तो म्हणाला, "ह्येनीच गाव पेटवलं, सायेब."

न्यायाधीश गोरा साहेब होता, त्याला मराठी येत नव्हती. सरकारी वकील समाधानानं खाली बसले. दुभाष्यांनी मात्र साहेबाची परवानगी घेतली आणि कोतवालाला विचारलं, "कशानं पेटवलं? काडीनं की तोंडानं?"

"तोंडानं की वं! पारावर लय बोलले. चावडीला काडी कुनी लावली, त्ये म्या न्हाई बघितलं."

दुभाष्यांनी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. मास्तर जाळपोळीतून सुटले आणि भाषणापायी सहा महिने आत गेले. दुभाष्यांची रवानगी कागदांच्या नकला करायच्या खात्यात झाली.

तिथे जाऊन मी त्यांना विचारलं, "तुम्ही मुद्दामच विचारलंत ना?"

"मला अर्थ कळला नव्हता," ते म्हणाले. "तुम्हाला कळला होता?"

कोतवालाची पोलिसांपुढची जबानी मी खटल्याच्या आठवडाभर आधी वाचली होती, तीतही हेच 'गाव पेटवलं' होतं. अर्थ तेव्हाच कळला होता आणि मी गप्प बसलो होतो.

"नाही," मी म्हणालो.