सोमाजीभाऊच्या नावाचे सामने : घुग्घुस ते वडसा, मोटरसायकलवर

नाही म्हणजे नाही. टीव्हीवर दिसतो तोच खेळाडू आणि बाकीचे सगळे रिकामटेकडे, हे सुभाषचं बोलणं मी लय दिवस ऐकून घेतलं. सुभाष लातूरकडचा. चेन्नईजवळ गाड्यांचे पार्ट बनतात त्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच लाइनवर आहोत आणि खोलीत तो माझ्या वरच्या पलंगावर झोपतो. त्याच्या मोबाइलच्या कव्हरवर एका क्रिकेटवाल्याचा फोटो आहे. माझ्या मोबाइलमध्ये सोमाजी मडावीचा आहे, तोही हललेला. पहिल्यांदा पाहून सुभाष म्हणाला, "हा कोण? ट्रकचा क्लीनर?" तेव्हापासून जुंपलेली आहे.

सोमाजीभाऊ आमच्या गावचा. कबड्डीत चढाईला जायचा. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, दिवसा कबड्डी, रात्री नाटक. वडसा, कुरखेडा, आरमोरी, जिथं सामने तिथं आम्ही पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्याच्या मागं. लोक त्याच्या दमासाठी यायचे. समोर सात जण अंगावर येताहेत आणि याचा आवाज हलत नाही, कबड्डी-कबड्डी एका सुरात, जसा काही चक्कीचा पट्टा फिरतो. तो मध्यरेषेला हात लावून परत येईपर्यंत मीही श्वास धरायचो. कधीच पुरला नाही. आरमोरीची फायनल पंचानं खाल्ली नसती तर तो राज्याकडून खेळला असता, हे मी सुभाषला हजारदा सांगितलं. तो म्हणतो, "सगळ्यांचा पंचच खातो."

मंडईच्या दिवसांत आमच्या मंडळाचे सचिव विठ्ठलभाऊ यांचा फोन आला. सोमाजीभाऊ दम लागून घरीच बसला होता. खेळ सुटल्यावर तो दूरच्या एका गिट्टीच्या क्रशरवर कामाला गेला होता, बरीच वर्षं. ती भुकटी छातीत बसली. डॉक्टर म्हणाले, घरात हवेचं मशीन ठेवा. मंडळ त्याच्या नावानं सामने भरवत होतं, चंद्यातून मशीन घ्यायचं. "तुले यावंच लागते," विठ्ठलभाऊ म्हणाले. मी बिनपगारी सुट्टी टाकली.

कुणाला याच वाटेनं यायचं असेल तर सांगतो. चेन्नईहून दिल्लीकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बल्लारशाला थांबतात. जनरलचा डबा घेतला तर स्वस्त पडतं, पण पाणी आणि खायचं जवळ ठेवा, मधे हलता येत नाही. बल्लारशाहून वडशाला सरळ पॅसेंजरही आहे, तीच शहाणपणाची. मी आधी घुग्घुसला गेलो, कारण तिथं रतन आहे आणि रतनकडं मोटरसायकल आहे.

रतन मेश्राम माझा वर्गमित्र. दोघांनी एकाच वर्षी शाळा सोडली, तो कोळशाच्या खाणीत गेला, मी रेल्वेनं चेन्नईला गेलो. घुग्घुसला पांढरं काही घालून जाऊ नका. चौकात आलुबोंडा-रस्सा मिळतो, तीस रुपये, रस्सा पाहिजे तितका, पण गाडीवाला प्रत्येक ट्रक गेला की भगोण्यावर झाकण ठेवतो, म्हणून सारखं उघड-झाक चालू असते. रतन पाळी संपवून आला तसाच, डोळ्याच्या कडा काळ्या.

"काय बे मद्रासी, इडली खाऊन फुगला का?"

"तू त काजळ लावून आला."

"बायकोले आवडते," म्हणाला आणि किक मारली.

चंद्रपूरहून मूलचा रस्ता चांगला आहे, पण दोन्हीकडं जंगल. दिवस मावळायच्या आत हा पट्टा ओलांडायचा, वाघाचं सगळ्यांनाच माहीत आहे. मधे बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन एका ओळीत चालल्या होत्या, सगळ्यात मागची सारखी मागं बघत होती. मूलला चहा, मग सावली, मग व्याहाडच्या पुढं वैनगंगेचा पूल. पेट्रोल जाऊन येऊन सातशेच्या आत बसलं. पुलाच्या अलीकडं आम्ही कंबर सरळ करायला उतरलो.

मी रतनला सुभाषचं सांगितलं. म्हटलं, त्याला दम म्हणजे काय ते कळतच नाही.

रतन नदीकडं बघत बिडी ओढत होता. "तुमचं सगळ्याइचं दम-दम चालू रायते. मले त्याच्या दमाचं का करायचं हाय?"

"मग तू काऊन चालला? दीड दिवसाची मजुरी बुडवून?"

"साखळीसाठी," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रतनचा बाप, गुलाबदादा, पकडीला चांगला होता, पण गावच्या संघात बौद्ध मोहल्ल्यातला कुणी घेत नसत. घ्यायचा तर कबड्डीत बचाव करताना हातात हात धरून साखळी करावी लागते. पाणी वरून ओतणाऱ्यांना हात कसा धरवेल? सोमाजीभाऊ त्या वर्षी नुकताच संघात आला होता. तो म्हणाला, मी डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो, माझ्या बाजूला गुलाबदादाला द्या, मी धरतो हात. दोन सामने बाकीचे पाच जण वेगळे उभे राहिले आणि हे दोघंच साखळी करत होते. तिसऱ्या सामन्यात मार खाल्ला, तेव्हा कुठं सगळ्यांनी हात दिले.

"बाबा मरेपर्यंत तो हात दाखवायचा," रतन म्हणाला. "हा पाहा म्हणे, याच्यात धरला होता." मग बिडी टाकली. "चाल, अंधार पडते."

आरमोरी मागं टाकून वडशाला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. वडसा म्हणजे आमच्याकडची नाटकाची राजधानी. हिवाळ्यात प्रत्येक खांबाला नाटकाचं पोस्टर, प्रत्येक पोस्टरवर रडणारी एक बाई आणि बंदूक घेतलेला एक माणूस. धानाच्या ट्रकांची रांग, भुशाचा वास. आणि चौकात, सगळ्यांच्या वर, आमचं फ्लेक्स. सोमाजीभाऊचा तो हललेला फोटो मोठा करून लावलेला, भोवती फुलांची चौकट, खाली दोन दिवे. वर लिहिलेलं, "स्व. सोमाजी मडावी स्मृती कबड्डी चषक".

रतननं गाडी बंद केली. मागचा ट्रक हॉर्न देत होता, तरी तो हलला नाही. मी ते दोनदा वाचलं. शाळा कमी झाली तरी "स्व." कुणालाही वाचता येतं. मला एवढंच वाटलं की गाडीत बसलो होतो तेव्हा झालं असेल, आणि मशीन काही आलं नाही.

विठ्ठलभाऊंना फोन लावला. रतननं तो माझ्या हातातून घेतला. पलीकडून ते म्हणाले, "अरे जिता हाय, जिता! आत्ता भात खाऊन राह्यला. ते फ्लेक्सवाल्या पोरानं केलं. म्या नाव पाठवलं, त्यानं टाकलं जुन्याच डिझाइनमध्ये."

आमच्याकडं चषक नेहमी मेलेल्याच्याच नावाचा असतो. कुणाच्या बापाच्या, कुणाच्या पोराच्या. पोराला वाटलं, चषक आहे म्हणजे माणूस गेलाच. रतन हसायला लागला. हसता हसता खोकला आला, तो थांबेना.

गाव वडशाहून कुरखेड्याच्या अंगाला, अर्ध्या तासावर. सोमाजीभाऊ पडवीत बसला होता, पाठीला धानाचं पोतं. आडवं पडलं की जीव घाबरतो, म्हणून बसूनच झोपतो, असं वहिनी म्हणाल्या. मांडी माझ्या मनगटाएवढी झालेली. ती मांडी पकडायला तीन-तीन जण लागायचे.

"तिकडं..." तो म्हणाला आणि थांबला. श्वास घेतला. "खेळतेत का..." परत थांबला. "कबड्डी?"

"खेळतेत, भाऊ. चटईवर."

"चटई," म्हणाला, आणि हसला. पुढचं बोलणं त्यात गेलं.

वहिनींनी भात, वरण आणि भाजलेली सुकी मासोळी वाढली. जेवताना फक्त त्याच्या श्वासाचा आवाज. मी मधेच माझा श्वास त्याच्याबरोबर घ्यायला लागलो होतो, मग लक्षात आलं तसं बंद केलं.

जेवून मंडळाच्या छपरीत गेलो. रतन सरळ भिडला, "भाऊ, ते फ्लेक्स काढा. निदान त्या 'स्व.'वर कागद तरी चिकटवा."

विठ्ठलभाऊ वाईट माणूस नाहीत. ते हळूच म्हणाले, "पाहा बाबू, परवापर्यंत लोक पन्नास-पन्नास देऊन राह्यले होते. हे लागलं अन् राइस मिलवाल्यानं स्वतः बलावून पाच हजार देले. जित्या माणसाले कोण देते? सामने होऊ द्या, मशीन येऊ द्या, मग काढू. त्याले घराबाहेर येताच येत नाई, त्याले का कळते?"

रतन माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "मशीन आलं पाहिजे." रतन उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सामने. शाळेमागचं मैदान, चुन्याच्या रेषा, मंडपाला चौकातून आणलेलं तेच फ्लेक्स. निवेदक ब्रह्मपुरीकडचा होता, त्याला गावातलं काही माहीत नव्हतं. पाहुणे म्हणून मिलवाले पुढच्या रांगेत. पहिल्या सामन्याआधी बैलगाडी आली. गाडीत गवतावर सोमाजीभाऊ, शेजारी वहिनी. सामने आहेत आणि मी घरात राहू का, असा हट्ट धरला म्हणे. दोघांनी उचलून त्याला रेषेजवळ खुर्चीत बसवलं, अंगावर घोंगडं. विठ्ठलभाऊ निवेदकाकडं धावले, पण तोवर माइक चालू झाला होता.

"आपले लाडके खेळाडू, स्वर्गीय सोमाजी मडावी यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं!"

सगळे उभे राहिले. बाहेरगावचे, मिलवाले, दोन्ही संघ, लहान पोरं. टोप्या निघाल्या. गावातले तेवढे एकमेकांकडं बघत होते. सोमाजीभाऊ आधी वर फ्लेक्सकडं बघत राहिला. मग घोंगड्यातून त्यानं उजवा हात बाहेर काढला आणि वर केला.

निवेदक माइकवरच म्हणाला, "बाबा, काही पाहिजे का? दोन मिनिटं थांबा."

हात खाली आला नाही. कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी रतननं निवेदकाच्या हातातला माइक घेतला आणि खुर्चीजवळ नेला.

"मी..." आधी मैदानभर नुसता श्वास ऐकू आला. "सोमाजी." परत श्वास. "जिता हाय." मग बराच वेळ काही नाही. आम्हाला वाटलं, संपलं. "ज्याइनं... मेला म्हणून... देले... वापस न्या."

मी रागावलो, खरं सांगतो. पळत जाऊन माइक हिसकावावा असं वाटलं. त्याला त्याचंच मशीन नको होतं का?

माझ्या बाजूला एक म्हातारे उभे होते, एके काळी मंडळाचे कप्तान. ते टोपी घालत म्हणाले, "आरमोरीले असाच केला होता."

"काय?"

"हात. फायनलले. शेवटच्या चढाईत त्यानं कोणालेच शिवलं नव्हतं, पंचानं गुण देऊन टाकला. आम्ही नाचून राह्यलो अन् याचा हात वर. लागला नाई म्हणे. एका गुणानं गेलो. म्या त्याले दोन झापडा मारल्या त्या दिवशी."

"पण पंचानं खाल्ली ना आपली फायनल?"

"ते आमीच पसरवलं, बाबू. गावात तोंड का दाखवणार?" मग म्हणाले, "दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाई. अन् आता त्याच्याशिवाय कोणाचा खेळ आठवत नाई मले."

लोक पैसे न्यायला आले. खोटं कशाला सांगू, आले. मिलवाल्यांचा माणूस आला आणि म्हणाला, शेठ फसवणूक सहन करत नाहीत. पाच हजार गेले. आणखी सात-आठ जण आले, खाली बघत. विठ्ठलभाऊ एकेकाला मोजून देत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. एक पारधेबाई म्हणून आहेत, मोहफुलं विकतात, त्याही रांगेत दिसल्या. विठ्ठलभाऊंनी वीस रुपये पुढं केले.

"ते कशाले?" बाई म्हणाल्या. "म्या त जिता समजूनच देले होते. हे अजून दहा घे. अन् त्या फोटोभोवतीचे फूल काढ, दिसते कसा तो."

सामने झाले. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. सोमाजीभाऊ शेवटपर्यंत बसला. एका पोराची चढाई चालू असताना त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. संध्याकाळी रतननं फ्लेक्स उतरवलं. मी दुसऱ्या टोकाला धरलं. तो माझ्याशी परतीच्या वाटेवर मूलपर्यंत बोलला नाही. मूलला चहा पिताना एवढंच म्हणाला, "तू बी वापस नेले असते का बे?" मी उठून दोघांच्या चहाचे पैसे दिले.

आता इकडं येऊन दोन महिने झाले. उरलेल्या चंद्यात मशीन विकत येणार नव्हतं, अनामत भरून भाड्यानं आणलं. महिन्याचं भाडं चार हजार. आम्ही पाच जणांनी वाटून घेतलं, विठ्ठलभाऊ, म्हातारे कप्तान, रतन, मी आणि रतनच्या खाणीतला एक जण, ज्यानं सोमाजीभाऊला फक्त एकदाच खेळताना पाहिलं. वहिनींचा फोन येतो. लाइन, म्हणजे वीज, असली की तो आडवा होऊन झोपतो. लाइन गेली की पोत्याला टेकून. डॉक्टरांनी आधीच सांगितलंय की छाती आता सुधारत नसते, मशीन फक्त सोपं करतं. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

सुभाषला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता तरी मानेल. तो पलंगावरून खाली वाकून म्हणाला, "म्हणजे फायनल यानंच घालवली आणि पैसेही यानंच घालवले. मग मोठा कसा?"

दमाचं सांगत होतो तेव्हा सोपं होतं. इथं कुणी हे वाचून वडशाकडं जाणार असेल तर मंडईच्या दिवसांत जा, कबड्डी बघा, भुशाचा वास घ्या, आणि चढाई करणाऱ्याच्या पायाकडं बघता तसं हाताकडंही बघत जा.

खोलीचं भाडं, मेसचं, मोबाइलचं, सगळ्या खर्चांबद्दल मी दर महिन्याला कुरकुरतो. हा एकच असा की तो चालू राहावा, वर्षानुवर्षं चालू राहावा, असं वाटतं. आज पगार झाला. वहिनींच्या खात्यावर पाठवले : आठशे रुपये.