पातेल्याखालचं शून्य

हायटेन्शनच्या तारांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारा माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात एकच असेल, आणि ते म्हणजे माझे थोरले चुलते. या तारा त्यांच्या शेतातल्या खोलीवरूनच जातात. दुसऱ्या कुणी तक्रार केली असती. चुलते पाहुण्यांना आधी तारांखाली नेतात, मग पाणी विचारतात. दिवेलागणीला एक जुनी ट्यूब हातात धरून उभे राहतात. ट्यूब मंद उजळली की म्हणतात, "ना मीटर, ना बिल!" तारा जास्त गुणगुणल्या की दव पडणार, असं ते छातीठोकपणे सांगतात. तेव्हा दव पडतच असतं, हे त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

चुलतीला मात्र हे वैभव सोसलं नाही. खोलीपुढच्या लोखंडी तारेवरून वाळलेले कपडे काढताना तिला झिणझिण्या यायच्या. एके दिवशी ती तिसगावात लेकीकडे गेली आणि तिथंच राहिली. चुलते हातानं भाकरी थापू लागले. त्या भाकरीविषयी मी काही बोलणं बरं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या हातातली कुठलीही वस्तू चुलत्यांना प्रमाण वाटते. मी प्रोजेक्टसाठी एक डबी बनवली होती. हायटेन्शन तारांमुळे डबीतल्या पट्टीवर किती विद्युतभार येतो, ते मोजून ती आकडा बिनतारी माझ्या मोबाईलवर पाठवते. चुलतीनं फोनवर अट घातली, "पोराच्या यंत्रानं काय न्हाई म्हनलं, तरच यीन."

डबी खोलीजवळच्या लाकडी खांबावर बसवली. संध्याकाळी आकडा बराच मोठा होता. सकाळी जवळजवळ शून्य. मी बुचकळ्यात पडलो, पण तोवर चुलत्यांनी फोन लावलासुद्धा. "शून्य आलंय! ये!" दुपारी चुलती पिशवी घेऊन हजर.

मी खांबापाशी गेलो, तर डबीवर ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलेलं.

"नाना, हे काय?"

"दव पडतं ना बाबा. लेकरावानी डबी, उघडी कशी ठिवू?"

तारांचा प्रभाव पातेल्यानंच अडवला होता. मी चाचरत तसं सांगितलं आणि पातेलं काढलं. आकडा टुणकन वर चढला. चुलतीनं मोबाईलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मंग मी काय पातेल्याखाली संसार करू व्हय?"

चुलती पिशवी उचलून निघाली, तसे चुलते एवढंच म्हणाले, "पोरा, ती डबी घे. कुठवर कमी हुतंय, बघू."

मी डबी काठीला बांधून चालू लागलो. मागे चुलते, त्यांच्या मागे चुलती. जसजसे तारांपासून लांब गेलो, तसतसा आकडा उतरत गेला. शेवटच्या बांधापाशी अगदीच थोडा उरला. तिथं सावली नव्हती, नुसता मुरूम. चुलतीनं पिशवी खाली ठेवली.

"हितं खोली बांधा. मी ऱ्हाते."

चुलत्यांनी मान हलवली, पण मान हलवतानाही ते तारांकडेच वळून पाहत होते. चुलतीच्या ते ध्यानात आलं. मग पदरानं घाम टिपत म्हणाली, "दिसत्यात की हितनं."