हलक्या गड्याची गाडी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मोटरसायकलच्या रेसचा विषय निघाला की वाकडं जुळलेलं मनगट दाखवायचो, आणि लोक पुढचं आपापलं समजून घ्यायचे. आता तसं करवत नाही.

आमचे गॅरेजवाले मिस्त्री कुणाही स्वाराला आधी गाडीवर बसवत. मग मागच्या चाकाशी उकिडवे बसून गाडी किती दबली ते बोटं आडवी लावून मोजत. "इंजिनाकडं समदी बघत्यात," म्हणायचे, "मी बुडाकडं बघतो." चार बोटं दबली तर गाडी तुमची. कमी दबली तर स्प्रिंग तुम्हाला कडक, उडीनंतर गाडी तुम्हाला फेकणार.

ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. मातीतल्या रेसच्या खास गाड्या तेव्हा आमच्याकडं कुठल्या? रस्त्यावरच्याच गाड्यांचे दिवे-मडगार्ड काढून पोरं उड्या मारायची. त्या गाड्यांच्या स्प्रिंगा दोन माणसं आणि दुधाच्या किटल्या पेलायला केलेल्या. हलक्या स्वारासाठी त्या नरम कराव्यात तर मिस्त्रींनीच. त्याआधी ते स्वाराला बूट-हेल्मेटसकट गुळाच्या अडतीत, तीस-तीस किलोच्या ढेपा म्हणजे रवे तोलायच्या काट्यावर उभं करत.

मी पंचेचाळीस किलोचा. वडील तालमीत नाव कमावलेले, त्यामुळं माझ्या अंगाकडं बघून गल्ली हळहळायची. पहिल्या वर्षी काट्यावर चढलो तेव्हा एक हमाल ओरडला, "मिस्त्री, गुळाचा दीड रवा भरला बघा." झालं. रेसच्या पोरांत मी दीड रवाच झालो. मिस्त्री मात्र त्या नावानं कधी हाक मारत नसत. हलका माणूस हवेत जास्त राहतो, असं म्हणायचे. त्या वर्षी मी दुसरा आलो.

पुढच्या वर्षी लग्न झालं. बायको रेस बघायला येणार होती आणि ते नाव तिच्या कानावर जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. शिरोलीला फाउंड्रीत होतो. तिथले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे कापडी पट्ट्यात शिवले, शर्टाच्या आत कमरेला बांधले आणि काट्यावर चढलो. हमाल आपल्या पोत्यांकडं वळला. मिस्त्रींनी आकडा दोनदा बघितला.

"वैनीच्या हातचं अंगी लागलं म्हणायचं," ते खूश होऊन म्हणाले.

पट्टा तसाच ठेवून गाडीवर बसलो. त्या वजनाला त्यांनी स्प्रिंगा लावल्या. बरोबर चार बोटं.

कळंब्याच्या माळावर सरावाला पट्टा नव्हता; तेवढं लोखंड कमरेला बांधून उड्या मारता येत नाहीत. गाडी धक्के देऊ लागली. मिस्त्री बांधावर उभे होते.

"बसतीया का नीट? न्हाईतर आत्ताच सांग की. अर्ध्या तासाचं काम हाय."

झकास बसते, म्हणालो. दुसरं काही सांगायचं तर पट्ट्याचं सांगावं लागलं असतं.

रेसमध्ये तिसऱ्या उडीला मागचं चाक उसळलं आणि मी हँडलवरून पुढं गेलो. मातीत पडलेलो असताना सगळे विचारायला लागले, बायकोही वाकून बघत होती. मी म्हणालो, "मिस्त्रींनी स्प्रिंगा कडक ठेवल्या." वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दवाखान्यात आले. खाटेच्या पायथ्याशीच थांबले.

"माफ कर गड्या. रातभर इचार केला, कुठं चुकलो त्येच घावंना."

"असू दे मिस्त्री," मी म्हणालो. तुम्हीच बघा, मी त्यांना माफ केलं.

पुढच्या मोसमात त्यांच्याकडं एकही स्वार फिरकला नाही. ते स्कूटरी दुरुस्त करू लागले. कुणी सांगायचं, एकेक नट तीन-तीनदा तपासतात, गिऱ्हाईक कंटाळतं. मग गॅरेज बंद करून ते पेठ वडगावला लेकाकडं गेले.

सहा वर्षांनी, मनाशी वाक्यं जुळवत, मी तिथं गेलो. त्यांनी ओळखलं, हात धरून आत नेलं. सुनेला म्हणाले, "चांगला स्वार हुता. माझ्यामुळं ह्येचा हात ग्येला." सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि चहात दूध जरा जास्त घातलं.

चहा प्यायलो. ऊस कसा आहे विचारलं. ते एसटीपर्यंत सोडायला आले, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. "मिस्त्री," मी म्हणालो. त्यांनी कान पुढं केला.

"ऊन लागतंय, घरी जावा," म्हणालो.

त्याच वर्षी ते गेले.